पडद्यावरची गोष्ट : मुरगाव बंदरातली ती रात्र

दोस्तांनो, हेरगिरीचा चित्रपट म्हटला की डोळ्यांपुढे काय येतं? लंडन, बर्लिन, नाहीतर बर्फाळ डोंगरावरचा किल्ला. पण दुसऱ्या महायुद्धातली एक खरीखुरी गुप्त मोहीम चक्क गोव्यात झाली होती! तिच्यावर १९८० साली ‘द सी वुल्व्ज’ हा इंग्रजी चित्रपट निघाला. त्याचं चित्रीकरणही गोव्यात झालं.

ही गोष्ट १९४३ सालची. भारतावर इंग्रजांचं राज्य होतं, गोव्यावर पोर्तुगिजांचं. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता, म्हणजे ना इकडे ना तिकडे. त्यामुळे तीन जर्मन जहाजं आणि एक इटालियन जहाज मुरगाव बंदरात आसरा घेऊन बसली होती. त्यातल्या ‘एरेनफेल्स’वर इंग्रजांचा दाट संशय होता. जहाजावरच्या लपवलेल्या यंत्रावरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात आणि मग इंग्रजांची जहाजं बुडतात, असं त्यांना वाटत होतं. पण तटस्थ बंदरात आरमार घुसवायचं कसं? पोर्तुगाल बिथरला असता ना!

मग पाठवलं कुणाला? ‘कलकत्ता लाइट हॉर्स’च्या हौशी घोडेस्वारांना! ही मंडळी एरवी ऑफिसात जाणारी, बरीचशी चाळिशी ओलांडलेली. त्यांना घाईघाईनं तालीम दिली. ‘फीबी’ नावाची गाळ वाहणारी एक जुनी बार्ज कलकत्त्याहून सिलोनला वळसा घालून कोचीनला आली. बाकीचे आगगाडीनं कोचीनला पोचले आणि तिथे तिच्यावर चढले. ९ मार्चच्या भल्या पहाटे, अंधारातच, ती हळूच ‘एरेनफेल्स’ला जाऊन भिडली.

पुढचा थरार पडद्यावरच पाहा. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन आणि तेव्हाचा जेम्स बाँड रॉजर मूर, तिघंही झकास! मात्र मारामारी बरीच आहे, तेव्हा आईबाबांना शेजारी बसवा.

आता पडद्याबाहेरचं थोडंसं. ‘एरेनफेल्स’ शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जर्मनांनी स्वतःच तिच्यात पाणी सोडलं. ते पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांच्या खलाशांनीही आपापली जहाजं नष्ट केली. ‘एरेनफेल्स’चा कप्तान आणि त्याचे काही साथीदार मारले गेले. आणि जिंकून परतलेल्यांना काय मिळालं? ना पदक, ना सत्कार. उलट तोंडाला कुलूप! जेम्स लीझर यांचं पुस्तक १९७८ साली आलं, तेव्हा कुठे ही हकिगत जगापुढे आली. म्हणजे तब्बल ३५ वर्षांनी!

चित्रपटात शूर कोण, दुष्ट कोण, हे लगेच कळतं. खऱ्या इतिहासात तसं नसतं. किनारा गोव्याचा, पण भांडण सगळं परक्यांचं! शिवाय तटस्थ बंदरात लढायचं नाही, हा नियम इंग्रजांनी मोडलाच. पण समुद्रावर माणसं मरत असताना गप्प बसणंही बरोबर होतं का?

चला, तर आता तुमची पाळी. तुम्ही त्या रात्री मुरगाव बंदराचे अधिकारी असता आणि ‘फीबी’ तुम्हाला दिसली असती, तर काय केलं असतं? घरात सगळ्यांशी यावर कडाकडा भांडा आणि दहा ओळींत आम्हाला लिहून पाठवा.

भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या चित्रपटासह!