मांजराचे ताट

तीन वर्षांपूर्वी धाकट्या मुलीच्या हट्टापायी आमच्या घरात मांजराचे पिल्लू आले. नाव ठेवले गुड्डी. आम्ही कोंढव्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. पिल्लू पडू नये म्हणून गॅलरीला जाळी बसवली, दार बंद ठेवायची सवय लावून घेतली. खाण्याच्या बाबतीत तर मी स्वतःला फार दर्दी समजत होतो. घरात महिन्याचा हिशेब जुळवताना ओढाताण होते, तरी गुड्डीसाठी रोज बोनलेस आणायचो. छातीचे पांढरेशुभ्र तुकडे उकडून, पाणी फेकून तिच्यापुढे ठेवायचो. अम्मी म्हणायची, "आमच्या वाट्याला कधी बोनलेस आलं नाही रे बाबा!"

चार महिन्यांनी गुड्डीने सोफ्यावरून उडी मारली आणि मागचा पाय मोडला. सोफा तो केवढा! डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाडे दिसत होती, पण धुक्यात दिसावीत तशी. त्यांनी विचारले, "काय घालता हिला?" मी जरा तोऱ्यातच सांगितले, "फक्त बोनलेस." ते म्हणाले, "तेच चुकलं."

त्या दिवशी जे कळले ते इतर मांजरवाल्यांना सांगावे, म्हणून हा लेख. आपल्या मोहल्ल्यांत मांजर पाळणारे कमी नाहीत. प्रेमही कमी नाही. कमी आहे ती माहिती.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरीवर तग धरतो, मांजर धरत नाही. पण मांसाहारी म्हणजे नुसते मांस खाणारा नव्हे. मांजर उंदीर मारते तेव्हा त्याचे मांस, हाडे, काळीज, दिल सगळेच खाते. एक उंदीर म्हणजे तिच्यासाठी पूर्ण ताट. हाडांतून चुना मिळतो, कलेजीतून अ जीवनसत्त्व. गाजरातून अ जीवनसत्त्व तयार करणे आपल्याला जमते, मांजराच्या शरीराला जमत नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. मग शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेते. वाढत्या पिल्लाची हाडे अशीच पोकळ होतात. गुड्डीचे तेच झाले होते.

दुसरी गोष्ट टॉरिनची. हे द्रव्य मांजराला अन्नातूनच मिळावे लागते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिले की, मांजरांच्या एका जीवघेण्या हृदयरोगामागे टॉरिनची कमतरता आहे. तेव्हा बाजारातल्या तयार खाद्यातही ते पुरेसे नव्हते. कंपन्यांना पुढे त्याचे प्रमाण वाढवावे लागले. टॉरिन पाण्यात विरघळते. म्हणजे मी उकडलेले पाणी फेकत होतो, तेव्हा उरलेसुरले टॉरिनही मोरीत ओतत होतो.

इथेच खिशाचा प्रश्न येतो, आणि उत्तर सुखद आहे. टॉरिन सर्वात जास्त कुठे असते? दिलमध्ये. त्याखालोखाल तंगडीच्या गडद मांसात. छातीच्या पांढऱ्या मांसात ते सर्वात कमी. म्हणजे दुकानात जे महाग तेच मांजराला कमी कामाचे, आणि पोटा-कलेजीच्या परातीत जे स्वस्तात पडलेले असते तेच तिच्या गरजेचे. मी महिनोन्महिने जास्त पैसे देऊन निकृष्ट खाद्य विकत घेत होतो!

आता आमचा हिशेब असा आहे. एक किलोत साधारण पाऊण किलो तंगडीचे सोडवलेले मांस, दोनशे ग्रॅम दिल आणि पोटा, आणि फक्त पन्नास ग्रॅम कलेजी. दुकानदाराला हे मुद्दाम सांगावे लागते, कारण पोटा-कलेजी मागितली की पिशवीत कलेजीच जास्त येते. कलेजी स्वस्त आहे, मांजर आवडीने खाते, म्हणून रोज तीच घातली तर अ जीवनसत्त्व अंगात साठून मानेची हाडे आखडतात. चुन्यासाठी अंड्याची टरफले धुऊन, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी दळायची. किलोला एक छोटा चमचा पुरतो. चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम लागते, म्हणजे किलोभर मांस आठवडाभर जाते. तंगडीची हाडे आपल्या शोरब्याला येतात.

तरीही घरचे ताट पूर्ण असेलच असे नाही. इ जीवनसत्त्व, आयोडिन अशा बारीक गोष्टी त्यात कमी पडतात. म्हणून आम्ही एका वेळेला तयार दाणे देतो आणि एका वेळेला घरचे. पिल्लू किंवा आजारी मांजर असेल तर हा हिशेब आधी डॉक्टरांना दाखवावा.

आता कच्चे की शिजवलेले? इंटरनेटवर हा वाद जोरात आहे. कच्चे मांस हेच नैसर्गिक, असे परदेशातले शौकीन सांगतात आणि आपली पोरे ते ऐकतात. मला हे पटत नाही. मांजराने मारलेला उंदीर ताजा असतो. आपल्या दुकानातले मांस लाकडी ओंडक्यावर कापलेले, एकाच बादलीतल्या पाण्यात बुचकळलेले असते आणि उन्हातून घरी येते. त्यात साल्मोनेला असू शकतो आणि फ्रीजरमध्ये ठेवल्याने तो मरत नाही. घरात तान्हे मूल, गर्भवती सून किंवा म्हातारी माणसे असतील तर धोका एकट्या मांजराचा राहत नाही. २०२४च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. संशय त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला. त्याआधी २०२३मध्ये पोलंडमध्ये घरातल्या मांजरांना याच रोगाने गाठले होते. वाघाला जे झेपले नाही ते गुड्डीला कसे झेपेल?

ज्याच्याकडे मोठा फ्रीजर आहे, खात्रीचा माल आहे, त्याने आपले बघावे. आपल्यासारख्यांनी थोड्या पाण्यात मांस नीट शिजवावे आणि ते पाणी मांसासकट द्यावे. शिजलेले हाड मात्र कधीच देऊ नये; ते टोकदार फुटते आणि आतडे फाडते. ताटातले सालनही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. दूध-चपाती तर आपण परंपरेने घालत आलो, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही.

कुणी म्हणेल, माणसांना गोश्त परवडत नाही तिथे मांजराचे काय घेऊन बसलात? हा सवाल खोटा नाही. २०१५मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या घरातले एक स्वस्त गोश्त गेले. म्हशीचे राहिले, पण सगळीकडे मिळत नाही. ज्यांची चूल त्यावर चालायची त्यांना मी मांजर पाळा असे कसे सांगू? उलट मी त्यांना सांगेन, पाळू नका. दारात येणाऱ्या मांजराला उरलेला तुकडा टाका, वाटीभर पाणी ठेवा. तेही पुण्यच आहे.

माझी तक्रार वेगळ्यांशी आहे. हजारो रुपये मोजून फारसी मांजर आणायचे, रील काढायचे, आणि तिला भात-दूध घालायचे. ती आजारी पडली, केस गळू लागले, की रात्री बाजारात नाहीतर मशिदीच्या मागच्या गल्लीत सोडून द्यायचे. जी उभ्या आयुष्यात फरशीखाली उतरली नाही, ती तिथे काय शिकार करणार? अशा दोन मांजरी मी या वर्षी पाहिल्या.

मांजराला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. तिचा गुन्हा दोन भागांत सांगितला आहे, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले. तिने मांजराला खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडूकमिडूक खायला मोकळेही सोडले नाही. मोकळे मांजर आपले ताट स्वतः पूर्ण करते. दार बंद केले की ती जबाबदारी बंद करणाऱ्यावर येते. गॅलरीला जाळी लावताना मला वाटले होते, मी गुड्डीला वाचवतोय. जाळी लावली त्या दिवसापासून तिचा उंदीर मला द्यायला हवा होता, हे मला उमगले नाही. खायला घालत होतो, पोटभर घालत होतो, तरी ती आतून उपाशी होती.

गुड्डीचा पाय जुळला, थोडा वाकडा राहिला. आता ती साडेतीन किलोची आहे. मी दुकानातून आलो की लंगडत दारापर्यंत येते आणि पिशवी हुंगते. बोनलेस आणणे मी बंद केले आहे. अम्मी म्हणते, "आता कुठं शहाणा झालास." हे शहाणपण गुड्डीच्या पायाच्या मोलाने आले. तुमचे फुकटात यावे.