काटा शोभेचा नव्हे

आमचे मामा बडोद्याला पाणीगेटात राहतात. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. वाचकांना वाटेल, आता राजवाड्याचे वर्णन येणार. तसे काही नाही. माझी निम्मी सुट्टी पाणीगेटबाहेरच्या एका गॅरेजात गेली.

मामांची डिझेल गाडी भाड्याने चालते. पावागढला भाविकांना नेणे-आणणे हा मुख्य धंदा. एके दिवशी माचीच्या चढावर गाडीने दम टाकला आणि मागून काळा धूर निघाला. एका मोठ्या वर्कशॉपने सांगितले, टर्बो गेला, नवा बसवा. आकडा ऐकून मामी त्या रात्री धड जेवल्या नाहीत.

गंमत अशी, की मामेभावाने हौसेने गाडीत बूस्ट गेज बसवले होते. रात्री छान निळे दिसे. मी डॅशबोर्डखाली वाकून पाहिले, तर दिव्याची तार जोडलेली आणि हवेची नळी जोडलेलीच नाही! बिचारा काटा जन्मापासून शून्यावर. शिवाय ते गेज पेट्रोल गाडीचे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटलेला असताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, म्हणून तबकडीवर शून्याखालीही आकडे असतात. जुन्या धाटणीच्या डिझेलला तसा थ्रॉटल नसतो. निम्मी तबकडी बिनकामाची.

मिस्त्रींनी इंटरकूलरच्या पुढे टी-जॉइंट टाकून नळी जोडली. आम्ही आजवा रोडला निघालो. मामा गाडी चालवत होते, मी काटा पाहत होतो. तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबूनही काटा ०.३ बारच्या पुढे जाईना. तो १ बारच्या आसपास जायला हवा होता. काटा एवढेच सांगतो, की दाब कमी आहे. का कमी, ते हातानेच शोधावे लागते. मिस्त्रींनी टर्बोचा दांडा हलवून पाहिला, ढिला नव्हता. "टर्बो सारो छे, हवा लीक थाय छे," ते म्हणाले. इंटरकूलरच्या रबरी पाइपाला खालच्या अंगाने चीर होती, दाब आला की उघडणारी. उभ्या गाडीत ती दिसणार कशी? काम काहीशे रुपयांत झाले.

माझे म्हणणे असे, की नळी पहिल्यापासून जोडलेली असती तर मामांना आठवडाभर आधी कळले असते. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरच्या पट्ट्याने फिरतो, टर्बो धुरावर. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने पेटंट घेतले ते धुरावरच्या यंत्राचे. त्याचा दाब इंजिनावरच्या भाराप्रमाणे बदलतो, म्हणून काटा वाचायचा तो चढावर, भरल्या गाडीत. रोजच्या चढावर रोज कुठवर जातो, हे ठाऊक असले की पुरे.

काही मित्र म्हणतात, आता गाडीत कॉम्प्युटर आहे, दिवा लागतो. लागतो, पण बहुधा बिघाड वाढल्यावर. पाणीगेटहून तासाभरावर हलोल आहे. तिथल्या कारखान्यातून २०१९ साली एमजी हेक्टर निघाली, पेट्रोल आणि डिझेल दोन्ही टर्बो. अशा गाड्यांत दाब मोजणारा सेन्सर असतोच. कॉम्प्युटरला तो सांगतो, मालकाला मात्र सांगत नाही. हे मला पटत नाही. मालकाला एक काटा दाखवायला कारखानदारांना किती खर्च येणार आहे?

काटा बघून बूस्ट वाढवत सुटणाऱ्यांशी माझे भांडण वेगळे आहे. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, हवा विरळ. बडोद्याइतकी हवा इंजिनात कोंबायला टर्बोला इथे अधिक वेगाने फिरावे लागते. साधे गेज मोजते बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, म्हणून दोन्ही गावी त्याचे शून्य तिथेच. बडोद्याचा आकडा बेळगावात गाठू पाहणाऱ्याने निदान एवढे ध्यानात घ्यावे.

मामा आता काटा बघतात. निळा दिवा मात्र त्यांनी काढून टाकला. रात्री डोळ्यांत खुपतो म्हणे. मामेभाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही.