पिकअपसाठी पुली किती लहान करावी?

या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत 'गाडीला खालून पिकअप नाही' ही तक्रार नेहमीची आहे. या वेळी ती जरा वेगळ्या रूपात घेऊ. आपल्या घरांतली बरीच मुलं शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत आहेत. तिथे जुनी गाडी स्वस्तात घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच पाना हातात धरायचा, हा अनेकांचा छंद असतो. अशा जुन्या गाड्यांमध्ये सुपरचार्जर असलेल्याही सापडतात. उदाहरणार्थ पाँटियाक ग्रँड प्री जीटीपी. 1997 ते 2003 या काळातल्या या गाडीत 3.8 लिटरचं व्ही-6 इंजिन, त्यावर ईटन कंपनीचा एम90 सुपरचार्जर आणि 240 हॉर्सपॉवर. दिसायला साधी घरगुती सेदान. मग कुणीतरी सल्ला देतो, "फक्त पुली लहान कर, गाडी उडेल!" सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा आज पाहू.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप. जास्त हवा आत ढकलली की जास्त पेट्रोल जाळता येतं आणि जास्त ताकद मिळते. एम90 हा 'रूट्स' जातीचा पंप आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये पेटंट घेतलेल्या ब्लोअरवरून हे नाव आलं. आत दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा पुढे लोटतात. एम90 मध्ये ती 90 घनइंच, म्हणजे जवळपास दीड लिटर.

आता पुली. आजीचं पायाने चालवायचं शिलाई मशीन आठवा. खालचं मोठं चाक एकदा फिरलं की वरचं लहान चाक कितीतरी फेरे घेतं. वरचं चाक आणखी लहान केलं, तर सुई आणखी वेगाने चालेल. इथेही तसंच. खाली क्रँकशाफ्टची मोठी पुली, वर सुपरचार्जरची लहान पुली. या इंजिनावर वरची मूळ पुली 3.8 इंचांची असते आणि हौशी मंडळी बहुधा पहिल्यांदा 3.4 इंचांची बसवतात.

हिशेब सोपा व्हावा म्हणून मूळ गुणोत्तर 2 धरू. म्हणजे इंजिनाचा एक फेरा, सुपरचार्जरचे दोन. 3.8 ला 3.4 ने भागा, 1.12 येतात. म्हणजे सुपरचार्जर सुमारे 12 टक्के जास्त वेगाने फिरेल. इंजिन 2000 फेऱ्यांवर असताना सुपरचार्जर पूर्वी 4000 वर होता, आता साधारण 4470 वर. आणि इंजिन 6000 वर गेलं की पूर्वीच्या 12,000 ऐवजी 13,400. इथेच मुख्य मुद्दा आहे. आपल्याला फायदा हवा आहे खाली, सिग्नलवरून निघताना, पण पुली वेग वाढवते तो सगळीकडे सारख्या प्रमाणात. म्हणून पुली निवडताना वरच्या टोकाचा विचार आधी करावा लागतो. समजा सुपरचार्जर 14,000 फेऱ्यांपर्यंतच सुरक्षित आहे. मग 3.2 इंचांची पुली घेतली, तर तो 14,250 वर जातो. बेअरिंगं आणि रोटर यांवर ताण येतो. शहरात आपण कधी 6000 वर जात नाही, असं म्हणून चालत नाही. ओव्हरटेक करताना एकदा पाय दाबला की तिथे पोचायला वेळ लागत नाही.

दाबाचाही अंदाज काढता येतो. 3.8 लिटरचं इंजिन प्रत्येक फेऱ्याला त्याच्या निम्मी, म्हणजे 1.9 लिटर हवा गिळतं. सुपरचार्जर तेवढ्याच वेळात दोन फेऱ्यांत 3 लिटर देतो. 3 भागिले 1.9 म्हणजे 1.58 पट. वातावरणाच्या दाबावर 0.58, म्हणजे साधारण 8.5 पीएसआय. लहान पुलीने हेच 11 पीएसआयच्या आसपास जातं. हा कागदी हिशेब आहे. प्रत्यक्षात रोटर आणि बाहेरचं आवरण यांच्या फटीतून थोडी हवा मागे गळते, आणि कमी फेऱ्यांवर त्या गळतीचा वाटा मोठा असतो. म्हणूनच वेग थोडा वाढवला की खालच्या पट्ट्यात फरक चांगला जाणवतो. पिकअपच्या दृष्टीने रूट्स पंप आणि किंचित लहान पुली ही जोडी जमते, ती यामुळे.

पण सगळेच सुपरचार्जर असे नसतात. बाहेरून आणून बसवलेले काही सेंट्रिफ्युगल जातीचे असतात. टर्बोसारखा पंखा, फक्त पट्ट्यावर चालणारा. त्यांचा दाब वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा 6000 फेऱ्यांवर 9 पीएसआय मिळतो. 2000 वर वेग एक तृतीयांश, म्हणून दाब एक नवमांश, फक्त 1 पीएसआय. आता पुली लहान करून वेग 11 टक्क्यांनी वाढवला, तर खाली 1 चे सव्वा होतील, वर मात्र 9 चे 11. म्हणजे जिथे हवं तिथे जेमतेम पाव पीएसआय, आणि जिथे धोका तिथे पूर्ण 2. अशा गाडीत पिकअपसाठी पुली बदलणं म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे. त्यापेक्षा डिफरन्शियलचं गुणोत्तर बदलल्याने जास्त काम होतं.

पुढचा प्रश्न उष्णतेचा. हवा दाबली की ती तापते, सायकलचा पंप हाताला गरम लागतो तसंच. रूट्स पंप या बाबतीत फारसा कार्यक्षम नाही. कार्यक्षमता 60 टक्के धरली आणि बाहेर 30 अंश तापमान असेल, तर 8.5 पीएसआयला हवा 100 अंशांजवळ पोचते आणि 11 ला जवळपास 120 वर. ग्रँड प्रीच्या या इंजिनावर कंपनीने इंटरकूलर दिलेला नव्हता. इतकी तापलेली, दाबलेली हवा सिलेंडरमध्ये ठिणगीनंतर स्वतःहून पेट घेऊ शकते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते वाढलं, तर पिस्टन फुटतो. गाडीच्या संगणकाला नॉकिंगची चाहूल लागली की तो ठिणगी उशिरा टाकतो आणि मग वाढलेली ताकद तिथेच परत जाते. पुली बदलूनही गाडी आधीपेक्षा मंद वाटते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून पेट्रोल चांगलं हवं. इथे आपल्या लोकांचा एक गोंधळ होतो. अमेरिकेतल्या पंपावर लिहिलेला 91 आणि आपल्याकडचा 91 ऑक्टेन एकच नाहीत. मोजायची पद्धत वेगळी आहे. तिकडचा 91 आपल्या मोजणीने साधारण 95–96 भरतो. या इंजिनाला मुळातच तिकडचं प्रीमियम पेट्रोल लागतं. पुली बदलल्यावर त्यात काटकसर अजिबात नको.

पट्ट्याकडेही पाहा. पुली लहान झाली की पट्ट्याची पकड असलेला भाग कमी होतो आणि ओढ मात्र वाढते. मग पट्टा घसरतो. चिरकणारा आवाज, पुलीजवळ काळी भुकटी, आणि वरच्या फेऱ्यांवर दाब वाढायच्या ऐवजी खाली येणं, ही त्याची लक्षणं. अनेकदा थोडा कमी लांबीचा पट्टा लागतो, नाहीतर टेन्शनरला ताण पुरेसा देता येत नाही.

तर कामाचा क्रम असा ठेवा. आधी गाडी मूळ स्थितीत ठीक आहे का ते बघा. स्पार्क प्लग, पेट्रोल फिल्टर, हवेची गळती, जुना पट्टा. बरीचशी हरवलेली ताकद इथेच सापडते. मग साध्या ओबीडी स्कॅनरवर संगणक ठिणगी किती अंश मागे घेतो ते नोंदवा. मूळ पुलीवरच तो सतत मागे घेत असेल, तर लहान पुलीचा विचार सोडा. सगळं स्वच्छ असेल, तर एकच पायरी खाली उतरा आणि गरम दिवशी, भरल्या गाडीत पुन्हा मोजा. ज्या सर्वांत मोठ्या पुलीने तुमचं काम होतं, तीच तुमची पुली. शिवाय ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. खालून ताकद फार वाढली, तर चाकं जागच्या जागी फिरतात, गाडी पुढे जात नाही.

शेवटी कायदा. कॅलिफोर्नियात अशा सुट्या भागांना तिथल्या वायू प्रदूषण मंडळाची मान्यता लागते. घेण्याआधी ती तपासा. आणि भारतात हे करून पाहावं असं वाटत असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल अशा बदलांवर त्यात बंधन आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे. अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलाबद्दल विचारेल. गाडीत आई-बाबा, भावंडंही बसतात, हे विसरू नका.

तुमच्या गाडीचं मॉडेल, मूळ पुलीचा व्यास आणि इंजिनाची कमाल फेऱ्यांची मर्यादा कळवलीत, तर पुढच्या अंकात दोन-तीन हिशेब करून दाखवू. तोवर पट्टा तपासा, आणि गाडी जपून चालवा!