दिंडीच्या गाडीला लाइट जोडण्याआधी

रिसोड तालुक्यातील दिंडीप्रमुख, ट्रक-टेम्पोचे मालक, मंडपवाले, वायरमन आणि ज्यांच्या दारी वारकरी मुक्कामाला उतरतात त्या सर्व माउलींना ही कळकळीची विनंती आहे. शेगावहून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी म्हसला पेनवरून रिसोडला येते आणि पुढे पानकन्हेरगावमार्गे सेनगावकडे जाते. तिच्या आगेमागे लहानमोठ्या दिंड्या चालतात, गावोगावचे लोकही आपापल्या गाड्या घेऊन पंढरीची वाट धरतात. मोठ्या पालख्यांची व्यवस्था चोख असते. काळजी वाटते ती चाळीस-पन्नास माणसांच्या छोट्या दिंडीची. तिच्याबरोबर एकच ट्रक असतो आणि त्या ट्रकमधला विजेचा बोर्ड निघायच्या आदल्या रात्री कोणीतरी घाईघाईने ठोकून दिलेला असतो.

ही गाडी म्हणजे महिनाभराचे घरच. वर ताडपत्री, आत फळ्यांचे माळे, खाली भांडी आणि शिधा. बोर्डवर दोन एलईडी दिवे, एक पंखा, अँप्लिफायर, चटणीचा मिक्सर आणि मोबाइलच्या चार्जरांचा घोस. मुक्काम पडला की पहिली धावपळ लाइटची. शाळा, समाजमंदिर किंवा शेजारचे घर गाठायचे, वायरची गुंडाळी सोडायची आणि जोडायचे. ही जोडणी जवळून पाहिली तर अंगावर काटा येतो. वायरच्या टोकाला पिन नसते. सोललेली दोन टोके सॉकेटच्या भोकांत घालून काडेपेटीच्या काड्या खोचून घट्ट केलेली असतात. तिसरी हिरवी वायर निरुपयोगी समजून मुळाशीच कापलेली असते. वाटेत दोन ठिकाणी जोड, त्यावर चिकटपट्टी, आणि तो जोड नेमका पायाखालच्या चिखलात.

आषाढीची वाट पावसाची असते. मृग लागलेला असतो, जमीन ओली, पाय अनवाणी, कपडे भिजलेले. ट्रकचे टायर रबराचे, म्हणजे गाडी जमिनीपासून तुटलेली. आतल्या एखाद्या वायरचे आवरण पत्र्याच्या धारेवर घासून फाटले की सगळ्या बॉडीत करंट उतरतो आणि तो जमिनीत जायला वाट नसल्यामुळे तिथेच दबा धरून राहतो. फ्यूज उडत नाही, दिवा विझत नाही. गाडीत बसलेल्याला काही कळतही नाही. ओल्या मातीवर उभी असलेली एखादी आजी वर चढण्यासाठी फाळक्याला हात लावते, तेव्हा करंटला वाट मिळते ती तिच्या शरीरातून.

31 जुलै 2022च्या रात्री पश्चिम बंगालच्या कूचबिहार जिल्ह्यात जल्पेशच्या शिवमंदिराकडे निघालेल्या भाविकांच्या पिकअप गाडीत करंट उतरला आणि 10 जणांचा जीव गेला. गाडीच्या मागच्या बाजूला डीजेसाठी जनरेटर होता, त्याच्याच वायरिंगमधून हे घडले असावे, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. पाऊस, लोखंडी बॉडी, दाटीने बसलेली माणसे आणि कामचलाऊ वायरिंग. यातली कोणती गोष्ट आपल्या गाड्यांत नसते?

दुसरे संकट व्होल्टेजचे. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात आणि डीपीवरून निघणाऱ्या तीन फेजांमध्ये आपसांत 400च्या आसपास असतात. हे गणित तोलून धरतो तो न्यूट्रल. वाऱ्याने फांदी पडून न्यूट्रल तुटला किंवा खांबावरचा जोड गंजून सुटला की ज्या फेजवर भार कमी त्या फेजच्या घरांत 300, 350, कधी त्याहूनही जास्त व्होल्ट शिरतात आणि भार जास्त असलेल्या घरांत दिवे मिणमिणतात. एका आळीतले टीव्ही-फ्रिज एकाच रात्री जळाले असे आपण ऐकतो, त्यामागे बहुतेक वेळा हा तुटलेला न्यूट्रल असतो. मुक्कामाच्या गावातली लाइन कशी आहे हे दिंडीला ठाऊक नसते. रोज नवे गाव, नवा खांब, नवा सॉकेट. घरात माणूस एका लाइनच्या खोडी ओळखून असतो, गाडीला रोज अनोळखी लाइनवर भरवसा ठेवावा लागतो. म्हणून घरापेक्षा गाडीला संरक्षण जास्त लागते.

इथेच बहुतेकांची फसगत होते. दुकानात गेले की ‘सर्ज प्रोटेक्टर’ किंवा ‘स्पाइक गार्ड’ म्हणून एक लांबट पट्टी हातात दिली जाते. लाल बटण, चार सॉकेट, आत एक छोटी चकती. वीज कडाडताना किंवा लाइन ये-जा करताना क्षणार्धासाठी जो जोरदार उसळा येतो, तो ही चकती स्वतःवर घेते. ते काम ती करते. पण ती क्षणाच्या उसळ्यासाठी घडवलेली आहे, मिनिटांच्या नाही. साधारण 275 व्होल्ट कायम सोसण्याइतकीच तिची ताकद असते. न्यूट्रल तुटून 350 व्होल्ट पाच मिनिटे राहिले तर ती तापते, धुमसते आणि कधी कधी पट्टीच पेट घेते. शिवाय प्रत्येक उसळ्यागणिक ती झिजत जाते. वरचा दिवा लागतो म्हणून संरक्षण शाबूत आहे असे धरू नका. आणि बॉडीत उतरलेल्या करंटपासून ही पट्टी कोणालाही वाचवत नाही. तिचा त्या गोष्टीशी संबंधच नाही.

अमेरिकेत घरासारख्या गाड्या घेऊन महिनोनमहिने फिरणारी अनेक कुटुंबे मुक्कामाच्या जागी गाडी थेट जोडत नाहीत. मधे एक पेटी लावतात. ती पेटी आधी लाइन तपासते: व्होल्टेज बरोबर आहे का, फेज-न्यूट्रल उलटे तर नाहीत, अर्थिंग जिवंत आहे का. सगळे ठीक असले तरच वीज आत सोडते, आणि पुढे काही बिघडले की स्वतःहून तोडते. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. उद्या लोणारला सरोवर पाहायला अशा गाड्या येतील तेव्हा त्यांनाही हेच लागेल. पण आपल्या दिंडीचा ट्रक त्यांच्या कितीतरी आधीपासून हेच करतो आहे, फक्त पेटीशिवाय.

ती पेटी आपल्याकडच्या सामानात सहज होते. रिसोडच्या कोणत्याही चांगल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात हे मागा: एक 16 अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी, एक 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि एक ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. पैसे उरले तर टाइप 2 एसपीडी, म्हणजे उसळ्यासाठीचे खरे मजबूत संरक्षण. सगळ्यावर आयएसआय किंवा आयएस क्रमांक बघून घ्या आणि पाणी न शिरणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत जाणत्या वायरमनकडून बसवून घ्या. खर्च काही हजारांत भागतो.

यातले काहीही गाळायचे झाले तरी आरसीसीबी गाळू नका. गेलेली आणि परत आलेली वीज तो सतत ताडून पाहतो. 30 मिलीअँपिअरच्या आसपास गळती झाली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लाइन तोडतो. एवढाच करंट सेकंदाच्या अंशापुरता अंगातून गेला तर माणूस बहुतेक वेळा वाचतो. 100 मिलीअँपिअरच्या घरात गेला तर हृदय बंद पडू शकते. एमसीबी आणि आरसीसीबी दिसायला सारखे असल्यामुळे दुकानदाराने एमसीबी देऊन ‘हे एकच’ म्हटले तर ऐकू नका. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले छोटे बटण असते, एमसीबीवर नसते. ते बटण रोज मुक्कामाला दाबून पाहा. खटका पडला नाही तर त्या रात्री गाडीत लाइट नको, बॅटरीवर भागवा.

व्होल्टेज प्रोटेक्टर घेताना त्याचे अँपिअर गाडीच्या भाराएवढे आहेत का, वरची मर्यादा 260-270च्या आसपास तोडते का आणि लाइन परत आल्यावर थोडे थांबून जोडते का, हे विचारा. लाइन आल्या-आल्या व्होल्टेज वरखाली होते, म्हणून हे थांबणे महत्त्वाचे. फ्रिज किंवा पाण्याचा कूलर असेल तर तीन मिनिटांचे अंतर ठेवता येईल असाच घ्या. स्टॅबिलायझर आहे म्हणून प्रोटेक्टर नको, असे समजू नका. साध्या स्टॅबिलायझरांपैकी कित्येक 350 व्होल्टला स्वतःच जळतात.

आता अर्थिंग. ‘टी’ बटणाने खटका पडला म्हणजे अर्थिंग आहे असे होत नाही, कारण ते बटण अर्थिंगशिवायही चालते. अर्थिंग असले तर बॉडीत करंट उतरताक्षणीच आरसीसीबी पडतो. नसले तर तो कोणाला तरी झटका बसल्यावर पडतो. या दोहोंत फार अंतर आहे. म्हणून हिरवी वायर कापू नका. पेटीपासून ती ट्रकच्या चासीला नटबोल्टने, रंग खरवडून, पक्की बांधा. शाळेच्या किंवा घराच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर आपली तांब्याची किंवा जीआयची सळई बरोबर बाळगा आणि मुक्कामी ठोका. आपली काळी माती ओली असताना करंट चांगली ओढते, पण मेमध्ये भेगाळलेली असते तेव्हा सळईभोवती पोकळी राहते आणि अर्थिंग नावापुरतेच उरते. पहिला पाऊस झाला नसेल तर सळईच्या बुडाशी पाणी ओता. एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा: सळई ठोकली की आरसीसीबी नको. चांगल्या सळईचा रोध 20 ओहम धरला तरी 230 व्होल्टला जेमतेम 11-12 अँपिअर वाहतील. 16चा एमसीबी त्याने पडणार नाही आणि बॉडी तशीच जिवंत राहील. सळई आणि आरसीसीबी दोन्ही मिळूनच काम करतात.

वायर तीन कोरची, तांब्याची, 2.5 चौरस मिलिमीटरची आणि मधे जोड नसलेली घ्या. टोकाला सॉकेटमध्ये घट्ट बसणारी तीन पायांची पिन लावा. गुंडाळी अर्धवट सोडून भार टाकू नका, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते. जनरेटर असेल तर तो गाडीत नव्हे, जमिनीवर, कोरड्या जागी, माणसांपासून लांब ठेवा. त्याचा न्यूट्रल आणि बॉडी जोडलेली आहे का हे वायरमनकडून पाहून घ्या, कारण न्यूट्रल मोकळा सोडलेल्या जनरेटरवर आरसीसीबी ऐन वेळी गप्प बसू शकतो.

आभाळ गरजू लागले की वायर काढून ठेवा. जवळ पडलेल्या विजेला अडवील असे कोणतेही उपकरण बाजारात नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप 20 ते 40 किलोमीटरच्या टापूतल्या विजेची सूचना देते; दिंडीत एकाच्या तरी मोबाइलमध्ये ते असू द्या. आणि गाडीवर उंच झेंडा, कमान किंवा भोंग्याचा मनोरा बांधू नका. 27 एप्रिल 2022ला तमिळनाडूत तंजावरजवळ रथाचा शेंडा हायटेन्शन तारेला लागून 11 माणसे गेली.

ज्यांच्या दारातून वीज जाते त्यांनाही सांगणे आहे. वारकऱ्याला लाइट देणे हे पुण्य आहे, पण आकडा टाकून देऊ नका. आकड्याला ना न्यूट्रलचा भरवसा, ना फ्यूज, आणि तो गुन्हाही आहे. घरच्या मीटरनंतरच्या सॉकेटमधून द्या, सॉकेट सैल असेल तर आताच बदलून घ्या. मंडळांनी मुक्कामाच्या जागी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी. सरपंचांनी आपल्या लाइनमनला सांगून डीपीचा न्यूट्रल आणि मुक्कामाच्या जागेजवळच्या लोंबत्या तारा आत्ताच पाहून घ्याव्यात. तार तुटलेली दिसली तर जवळ जाऊ नका, 1912ला फोन करा. रिसोड-वाशिम भागातल्या वायरमन बंधूंनी आपल्या गावच्या दिंडीची एकेक गाडी निघण्याआधी तपासून द्यावी, एवढी सेवा त्यांच्याच हातची आहे.

आणि तरीही कोणाला करंट धरलाच तर ओढायला धावू नका. आधी मेन बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला सारा. माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. गाडी हायटेन्शन तारेला चिकटली असेल तर आतल्यांनी आतच थांबावे, बाहेरच्यांनी जवळ जाऊ नये. गाडीने पेट घेतला तरच, गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी न स्पर्शता, दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारावी आणि पाय जमिनीला घासत, छोट्या छोट्या पावलांनी दूर जावे.