वाळक्या फांदीचा धंदा

लग्नाच्या दावतीत टेबलावर मधोमध सुकी फांदी सजवून ठेवण्याची रीत आता रुळली आहे. आम्ही कापडवाले, शोकेससाठी पेरूची अशीच एक फांदी घेतली. ती ओली निघाली. काही दिवसांत कीड लागून लाकडाची पूड ताग्यांवर पडू लागली. आमचे कारागिरांना सांगणे एवढेच : फांदी सावलीत पुरती वाळवावी, साल उतरवून पॉलिश पेपरने घासावी, मगच कुंडीत सिमेंटमध्ये रोवावी. महाराष्ट्रातील शहरांत झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते; तेव्हा माल बागेच्या छाटणीतूनच घ्यावा. लाकूड जवळजवळ फुकटचे, दाम मेहनतीचा. ओला माल एकदाच खपतो. गिऱ्हाईक मात्र कायमचे तुटते.