दहावीचं गणित : बेसिक की स्टँडर्ड? एका चाचणीच्या गुणांवरून ठरवू नका



सीबीएसई शाळांत मंडळाकडे परीक्षार्थींची यादी पाठवायची वेळ आली की एक प्रश्न हमखास येतो, "बेसिक घेऊ की स्टँडर्ड?" बहुतेक घरांत याचा निकाल दोन मिनिटांत लागतो. चाचणीत ८० पैकी ३० पडले की बेसिक, ६० पडले की स्टँडर्ड. माझं मत असं की गुण किती पडले यापेक्षा मूल नेमकं कुठे अडतंय आणि पुढे त्याला काय करायचंय, हे पाहून हा निर्णय घ्यावा.

आधी नियम नीट समजून घेऊ

मंडळाने जानेवारी २०१९ मध्ये परिपत्रक काढलं आणि मार्च २०२०च्या परीक्षेपासून दहावीला गणिताच्या दोन पातळ्या आल्या : स्टँडर्ड (विषय क्रमांक ०४१) आणि बेसिक (२४१). पुष्कळ पालकांना वाटतं की बेसिक म्हणजे कमी धडे. तसं नाही! पाठ्यपुस्तक तेच, अभ्यासक्रम तोच, वर्गातलं शिकवणं तेच, शाळेकडचे अंतर्गत २० गुणही त्याच पद्धतीने. फरक आहे तो फक्त ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत. बेसिकची प्रश्नपत्रिका सोपी असते, एवढंच.

खरा फरक पडतो अकरावीत. मूळ योजनेप्रमाणे बेसिक घेतलेल्या विद्यार्थ्याला अकरावीला नेहमीचं गणित घेता येत नाही. उपयोजित गणित (अप्लाइड मॅथेमॅटिक्स) मात्र घेता येतं. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, मंडळाने यात सवलत दिली आणि पुढेही ती वाढवली. पण त्यात शाळाप्रमुखांनी विद्यार्थ्याची कुवत पाहून खात्री करावी, अशी अपेक्षा घातली. म्हणून "सवलत आहेच की" असं धरून चालू नका. त्या वर्षीचं परिपत्रक पाहा आणि अकरावीला जिथे जायचंय तिथे आधीच विचारून घ्या.

२०१९च्या त्याच परिपत्रकात आणखी दोन वाटा आहेत, ज्या पालकांना कुणी सांगत नाही. स्टँडर्डमध्ये नापास झालेला विद्यार्थी पुरवणी परीक्षा बेसिकची देऊ शकतो. बेसिक पास झालेल्यालाही पुरवणीच्या वेळी स्टँडर्ड देता येतं. म्हणजे स्टँडर्ड घेतलं आणि जमलं नाही तर वर्ष वाया गेलं, ही भीती अनाठायी आहे.

मूल अडतंय कुठे?

घरी किंवा वर्गात एक छोटा प्रयोग करून बघा. मुलाला दोन प्रश्न द्या.

पहिला : क्ष² + १५क्ष − २७०० = ० हे वर्गसमीकरण सोडव.

दुसरा : दोन गावांमधलं अंतर १८० किमी आहे. गाडीचा वेग ताशी १५ किमीने वाढवला तर प्रवासाला १ तास कमी लागतो. मूळ वेग किती?

दुसऱ्या प्रश्नात मूळ वेग क्ष मानून समीकरण मांडलं की पहिलंच समीकरण मिळतं आणि उत्तर येतं ताशी ४५ किमी. (पडताळा : १८० किमीला ४५च्या वेगाने ४ तास, ६०च्या वेगाने ३ तास.)

आता काय होतं ते पाहा. पहिलं सुटलं, दुसरं मांडताच आलं नाही, तर त्या मुलाचं गणित कच्चं नाही. त्याला उदाहरण वाचून समीकरणात आणण्याचा सराव कमी पडलाय. दोन-तीन महिने रोज अशी दोन शाब्दिक उदाहरणं केली तर चित्र बदलू शकतं. अशा मुलाला घाईने बेसिककडे ढकलू नका.

पहिल्याच प्रश्नात चिन्हं चुकतात, अवयव पडत नाहीत, भागाकारात गोंधळ होतो, तर गाठ सहावी-सातवीत आहे. इथे बेसिक घेऊनही प्रश्न सुटत नाही, कारण वर्गसमीकरण बेसिकलाही आहेच! या मुलाला आधी पूर्णांक, अपूर्णांक आणि बैजिक राशी पुन्हा शिकवाव्या लागतील. त्यानंतर त्याने बेसिक घेतलं तर ते योग्यच.

तिसरं मूल दोन्ही सोडवतं, पण त्याला भाषा, कायदा किंवा चित्रकलेकडे जायचंय. त्याने विचारपूर्वक बेसिक घेतलं तर त्यात कमीपणा कसला? "बेसिकवाला" असा शिक्का मारणं आपण मोठ्यांनीच थांबवायला हवं.

"तिला कशाला हवंय गणित?"

हे वाक्य मुलींच्या बाबतीत जास्त ऐकू येतं, आणि पंधराव्या वर्षीच तिचा इंजिनिअरिंगचा, संख्याशास्त्राचा रस्ता अवघड होऊन बसतो. तिने स्वतः ठरवलं असेल तर प्रश्नच नाही. पण तिला विचारलंय का? बेसिकला गुण जास्त पडतील आणि टक्केवारी फुगेल, एवढ्यासाठी मुलगा असो वा मुलगी, कुणाचीच वाट अरुंद करू नका.

शिक्षकमित्रहो, आपल्यासाठी

शंभर टक्के निकालासाठी काठावरच्या मुलांना सरसकट बेसिक घ्यायला लावणं सोपं असतं. पण तो निर्णय शाळेच्या सोयीचा झाला, मुलाच्या नाही. तसंच, "तू बेसिकचा आहेस, हे उदाहरण सोडून दे" असं वर्गात म्हणू नका. अभ्यासक्रम एकच आहे, तर अवघड उदाहरण ऐकण्याचा हक्कही सगळ्यांना आहे.

राज्य मंडळाच्या पालकांनाही हे लागू आहे. तिथे पूर्वी 'सामान्य गणित' असा पर्याय होता. आता दहावीला सगळ्यांना बीजगणित आणि भूमिती आहे. निवड येते ती अकरावीत : कॉमर्सला "मॅथ्स की एस.पी.?", सायन्सला "मॅथ्स की बायोलॉजी?" तिथेही मूल कुठे अडतंय हे आधी शोधा.

म्हणून यादी जाण्याआधी मूल, पालक आणि गणिताचे शिक्षक यांनी अर्धा तास एकत्र बसा. मुलाची उत्तरपत्रिका समोर ठेवा. चुका कुठल्या प्रकारच्या आहेत ते पाहा, पुढे काय करायचंय ते मुलाला विचारा, आणि त्याला बोलू द्या. तरीही मन डळमळत असेल, तर स्टँडर्ड ठेवा आणि अभ्यासाला लागा. पुरवणीची वाट मोकळी आहेच.