भरल्या टेबलावरून उठवलंस, याहू

याहू,

हे पत्र तुलाच लिहितोय, तुझ्या मालकांना नव्हे. मालक काय, बदलत राहतात. 2017 मध्ये व्हेरायझनने तुला घेतलं, 2021 मध्ये अपोलोने. त्यांना आमची ओळख कुठून असणार? तुला होती. आमचं नाव, आमचं रेटिंग, आम्ही जिंकलेले, हरलेले आणि लाईट गेली म्हणून अर्धवट सुटलेले डाव, सगळं तुझ्या दप्तरी होतं. म्हणून तक्रार तुझ्याकडे.

31 मार्च 2014. आमच्याकडे हा वर्षाचा हिशेब बंद करायचा दिवस. तूही नेमक्या त्याच दिवशी पूल, बुद्धिबळ, लिटराटी, हार्ट्‌स, स्पेड्स अशा ऑनलाइन खेळांची टेबलं मिटलीस. 16 वर्षांचा हिशेब होता रे. तो कुठल्या खात्यात मांडलास?

आम्ही काही तुझ्या मागे लागलो नव्हतो. क्लासिकगेम्स डॉट कॉम तू 1997 मध्ये विकत घेतलंस, 1998 मध्ये त्याचं याहू गेम्स केलंस आणि दार सताड उघडं टाकलंस. सीडी नको, भारीतलं ग्राफिक्स कार्ड नको, पैसे तर नकोतच. एक आयडी काढा, रूम निवडा, टेबलावर बसा. समोरचा ब्राझीलचा आहे की बेळगावचा, हे त्याने सांगितल्याशिवाय कळायचं नाही आणि कळलं नाही तरी कुणाचं अडायचं नाही.

आठवतं ना, आम्ही कुठून यायचो ते? घरात कॉम्प्युटर असणं तेव्हा चैन होती. आम्ही सायबर कॅफेत यायचो. प्लायवुडच्या खोक्यात खुर्ची ओढून बसायचं, तासाचे पैसे मोजायचे, आणि त्यातला बराच वेळ, तुझे खेळ ज्यावर चालायचे त्या जावाचा राखाडी चौकोन भरायची वाट बघण्यात घालवायचा. मध्येच लाइन तुटायची आणि चालू डाव हरल्यात जमा व्हायचा. ज्यांच्या घरी डायल-अप होतं त्यांचं फोनचं बिल वेगळं, त्यावरून ऐकून घ्यावं लागायचं ते वेगळं.

मग सांग, फुकट कुणाला होतं? तुला आम्ही पैसे दिले नाहीत हे खरं. पण आमचं मीटर चालूच होतं. तुझ्या जाहिराती आम्ही बघितल्या. तुझ्या रूम आम्ही भरल्या. समोर खेळायला माणूसच नसता तर तुझ्या पूलच्या टेबलावर काय होतं रे? हिरवं चित्र आणि एक काठी.

म्हणून ‘फुकट मिळत होतं, मग कसली तक्रार’ हे निदान आम्हाला ऐकवू नकोस.

आणि नुसतं बोलावून थांबला नाहीस. राहायला लावलंस. नावापुढे एक रंगीत चौकोन दिलास. हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी, आणि रेटिंग 2100 च्या वर गेलं की लाल. त्या लालसाठी लोकांनी किती रात्री जागवल्या हे तुला माहीत आहे, कारण मोजत तूच होतास. कॅरमवर हात बसलेली आमची पोरं पूलचे कोन बघता बघता शिकली. ज्यांच्या गावात बुद्धिबळाचा क्लास औषधालाही नव्हता, ते तुझ्या अ‍ॅडव्हान्स्ड रूममध्ये परदेशातल्या खेळाडूंकडून मार खात खात तयार झाले. नेम दाखवणारे चोरटे प्रोग्रॅम लावून खेळणारे आले, शेजारच्या खिडकीत बुद्धिबळाचं इंजिन उघडून चाली करणारे आले. तरी आम्ही टेबल सोडलं नाही.

खेळत राहा, तुमचा आकडा आम्ही जपू. त्या चौकोनाचा दुसरा काय अर्थ होता? हे वचन नव्हतं तर काय होतं?

बंद करताना कारण दिलंस. तंत्रज्ञान बदललंय, सुरक्षेच्या अटी वाढल्यात, खेळ सुरक्षितपणे चालवणं आता शक्य नाही. यातलं अर्धं आम्ही मान्य करतो. जावाला भोकं पडली होती, हे आम्हालाही ठाऊक होतं. जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्यानेच लोकांना ब्राउझरमधलं जावा बंद करायला सांगितलं होतं. जुन्या पायावरची इमारत उतरवावी लागते, एवढं आम्हालाही समजतं.

पण नवी बांधायची नाही, हे कुणी ठरवलं? पैसे नव्हते म्हणतोस? त्याच 2013 मध्ये टंबलर हे ब्लॉगचं संकेतस्थळ घ्यायला 110 कोटी डॉलर मोजलेस की! तेव्हा तर जाहीर वचन दिलंस की आम्ही ते बिघडवणार नाही. पुढे त्याची किंमत तुझ्याच वह्यांत कोट्यवधींनी खाली आणावी लागली, आणि 2019 मध्ये ते तिसऱ्याच कंपनीकडे गेलं. त्या रकमेच्या कोपऱ्यात बुद्धिबळाचा एक पट नव्याने लिहायला जागा नव्हती?

की फुकट खेळ चालवणं कुणालाच परवडत नाही, असं तुझं म्हणणं आहे? मग लिचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ बघ. 2010 मध्ये एका फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलं. जाहिरात नाही, वर्गणी नाही, देणग्यांवर चालतं, आणि आजही चालू आहे. तुझ्याकडे याच्या कितीतरी पट माणसं होती, पैसा होता, आणि आयते बसलेले खेळाडू होते. तुला जमलं नाही असं नाही, याहू. तुला आम्ही नको झालो होतो.

आणि सुरक्षा? हा शब्द तुझ्या तोंडून ऐकताना खरंच चीड येते. तू आमची टेबलं सुरक्षेच्या नावाखाली उचललीस तेव्हा तुझ्या घरात चोरी होऊनही गेली होती. ऑगस्ट 2013 मध्ये. आधी जगाला सांगितलंस की 100 कोटी खाती गेली, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये कबूल केलंस की 300 कोटी, म्हणजे तेव्हाची झाडून सगळी. धोका आमच्या सोंगट्यांपासून होता का रे?

पण खरं दुखणं यातही नाही. खेळ काय, दुसरीकडे मिळाले. ज्यांना बुद्धिबळ हवं होतं त्यांना पट मिळाला, ज्यांना पूल हवं होतं त्यांना मोबाइलवर पूल मिळालं. माणसं मात्र मिळाली नाहीत.

टेबलाखालच्या त्या अरुंद पट्टीत आम्ही बोलायचो. चाल करायला समोरच्याने वेळ लावला की बोलायचो, हरलो की जास्त बोलायचो. कुणी परीक्षेचं सांगायचं, कुणी नोकरी गेल्याचं. एखादी सून न्यू जर्सीच्या थंडीत घरात एकटी बसलेली, तिला दुपारी खेळायला कुणी भेटलं की ती ‘जेवलात का’ विचारायची. या लोकांची खरी नावं आम्हाला माहीत नव्हती, आणि विचारायची पद्धतही नव्हती. आयडी होता ना! आयडी असला की याहूवर माणूस कुठेही सापडतो, हा भरवसा तूच दिला होतास. मेल, मेसेंजर, चॅट, ग्रुप, खेळ, सगळीकडे तोच एक आयडी.

आणि मग एकेक वाट बुजवत गेलास.

डिसेंबर 2012 मध्ये चॅटच्या सार्वजनिक रूम बंद केल्यास. 2013 मध्ये ठरवलंस की वर्षभर न वापरलेले आयडी काढून घ्यायचे आणि मागेल त्याला द्यायचे. म्हणजे एखाद्याचं नाव शोधून निरोप पाठवावा तर पलीकडे भलताच माणूस! 2014 मध्ये टेबलं गेली. 2016 मध्ये खेळांचं उरलंसुरलं पानही गेलं. 2018 मध्ये मेसेंजर, 2020 मध्ये ग्रुप. त्याआधी 2009 मध्ये जिओसिटीजवरची लोकांची वेबपानं, म्हणजे घरंच, पाडलीस, तेव्हाच आम्ही शहाणं व्हायला हवं होतं म्हणतोस? असेल. पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्यावर पाळत ठेवायची असते, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

प्रत्येक वेळी तू सूचना लावलीस. नाकारत नाही. पण सूचना म्हणजे निरोप नव्हे. तुझ्याकडे एवढे इंजिनिअर होते. त्यातल्या एकालाही सुचलं नाही का, की टेबलं मिटायच्या आधी प्रत्येक खेळाडूला एक प्रश्न विचारावा? कुणाला तुमचा पत्ता कळवू? दोन्हीकडून होकार आला तर एकमेकांचा ई-मेल द्यायचा, इतकंच. ई-मेलही तुझेच होते, अजून चालू होते. यासाठी नवं जावा लिहावं लागलं नसतं. 110 कोटी डॉलरही लागले नसते. फक्त टेबलाच्या दोन बाजूंना माणसं बसली आहेत, एवढं कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं होतं.

तुझ्या दृष्टीने मात्र तिथे कोणी बसलेलंच नव्हतं. भेटींचा एक आकडा होता. तो उतरायला लागला तसा तुझा रस उतरला.

खेळ पुन्हा सुरू कर, असं मागणं घेऊन मी आलेलो नाही. सुरू केलेस तरी आम्ही येऊ याची खात्री देत नाही. कंपनी बंद पडते, धंदा बसतो, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. गिरण्या गेल्या, दुकानं गेली, आम्ही पाहिलंय. बंद करायचा हक्क तुझा होता. पण त्या टेबलांवर आम्ही जे जमवलं ते तुझं नव्हतं, आणि तू तेही सोबत बंद केलंस.

एवढंच कबूल कर. आणि पुढच्या वेळी कुणाला फुकट म्हणून बोलावशील तेव्हा दारावरच लिही, की इथे जोडलेलं काहीही जाताना बाहेर नेता येणार नाही. मग आत यायचं की नाही, ते लोक त्यांचं ते बघतील.

तुझा एक जुना खेळाडू